गावाची घट

गावं बघायला हिंडणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण एखाद्या गावात उतरल्या उतरल्या तिथलं गटार शोधून, ते जिकडे वाहतं तिकडे त्याच्या कडेनं चालत जाऊन, ते जिथे संपतं तिथे उभं राहून त्या गावाची लायकी ठरवणारा माणूस देवानं एकच केला, आणि तो नेमका माझ्या कपाळी सासरा म्हणून लिहिला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. बाकी माजलगावात त्यांना काय काय म्हणत असत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माजलगावच्या बाजारात मामांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि समोर तागडी. गिऱ्हाईक जुनी, पोचे पडलेली घागर मोडीत घालायला घेऊन आलं की मामा ती तागडीत ठेवत, वजन सांगत आणि त्यातून घट वजा करत. घट म्हणजे भांडं वितळवल्यावर मळ, कल्हई आणि डाग जळून जेवढं कमी भरेल तेवढं. घागर नुसती बोटाच्या पेरानं वाजवून तिची घट सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण ते दिवस बदलाचे होते. स्टील आधीच आलं होतं, मागून प्लॅस्टिकच्या रंगीत बादल्या आल्या, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, घराघरावर केबलच्या तारा लोंबायला लागल्या आणि मामांच्या दुकानात माश्या बसायला लागल्या. रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग लागतोच. घागरी येईनात, तेव्हा मामा गावांची घट काढायला लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "गावाला काय काय दिलं ते आधी बघा. धरणाचं पाणी दिलं, लाईट दिली, डांबर दिलं, सिमेंट दिलं. आता हे सगळं वितळवून टाका तागडीत. माणसाच्या अंगी किती लागलं? उद्याच्याला किती उरलं? अन् मधलं गेलं कुठं? ती झाली घट." लोक म्हणायचे, अमुक गाव फार सुधारलं हो. मामा म्हणायचे, "सुधारलं की. पन किती खाऊन सुधारलं?" त्यांच्या मते गावं दोनच प्रकारची. थोडं खाऊन अंगानं भरणारी, आणि वाढाल तेवढं खाऊन हडकलेलीच राहणारी. पुढे शहरांच्या टिकाऊ विकासावरचे जाडजूड लेख मी मासिकांतून वाचले, त्यातले तक्ते आणि आकडे बघितले, आणि दर वेळी मला मामांची तागडी आठवली. मामांनी मात्र जन्मात काही लिहून ठेवलं नाही. निकाल जागच्या जागी, तोंडी, आणि ज्याला नको असेल त्यालाही.

तपासणीची त्यांची रीत ठरलेली. स्टँडवर उतरले की काखोटीला फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून बसवायचा हा तांब्या त्यांच्याच दुकानातला, आणि त्यात पाणी माजलगावचं. दुसऱ्या गावचं पाणी, ते गाव पास झाल्याशिवाय पोटात जायचं नाही. मग गटाराची वारी. अंबाजोगाईला एकदा हे असे गटारात बघत बघत चाललेले पाहून एका हॉटेलवाल्याला वाटलं, आरोग्य खात्याचा मोठा साहेब साध्या कपड्यात आलाय. त्यानं धावत येऊन भज्यांची ताटली पुढे केली. मामांनी भजी उचलली, हुंगली, परत ठेवली आणि म्हणाले, "तेल दुसऱ्यांदा तापवलंय ते चांगलं केलंस, फजूल जात न्हाई. पन आता बास कर, माणसं मरतील."

गटारानंतर सावली. भर उन्हाळ्यात बाजारातून बोडक्या डोक्यानं सावली न सोडता किती चालता येतं, यावरून गावानं उद्याचा किती विचार केलाय ते कळतं, असं ते मानत. औरंगाबादला भाच्याच्या लग्नाला गेले तेव्हा शहराची सावली तपासायची म्हणून ते स्टँडपासून फक्त झाडाखालून चालत निघाले. जिथे झाड संपेल तिथून मागे फिरायचं, दुसरी गल्ली धरायची. कार्यालयात पोचले तेव्हा नवरानवरी देवदर्शनाला गेलेली आणि आचारी कढया घासत होता. बहीण चिडून म्हणाली, "दादा, अक्षता चुकल्या की रे!" मामा शांतपणे टोपी काढून वारा घेत म्हणाले, "अक्षता चुकल्या, पन शहर कळालं. जुन्या वस्तीत झाडं हायत, नव्या वस्तीत नुसत्या पाट्या हायत." तिसरी जागा उकिरड्याची. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेले तरी आधी उकिरडा, मग देव. घरची माणसं लाजेनं दुसरीकडे तोंड करून उभी राहत.

फक्त एका गावाची घट मामांनी कधी काढली नाही, ती माजलगावची. खरं तर तिथे काढण्यासारखी भरपूर होती. धरण उशाला, ऊस पायथ्याला, आणि पाण्याचा वापर असा की फुटक्या नळाखाली म्हशी निवांत आंघोळ करायच्या. कोणी विचारलं की मामा तागडीच्या साखळ्या पुसायला घ्यायचे आणि म्हणायचे, "घरच्या घागरीची घट काढू न्हाई. उगं जीव हळहळतो."

हे सगळं गमतीचं होतं, जोपर्यंत त्यांची पोरगी लग्नाची झाली नव्हती. एकच पोरगी. इतर बाप मुलाचं घर बघायला जातात, मामा मुलाचं गाव बघायला जायचे. पुण्याचं एक फार चांगलं स्थळ आलं होतं. नव्यानं निघालेल्या परदेशी कंपनीतला इंजिनिअर, फ्लॅट, स्कूटर. मामा पुण्याला गेले, नदीकाठानं चालले आणि परत येऊन म्हणाले, "जेवण राजाचं हाय, पचन लई बिघडलंय. नदीकडं बघवत न्हाई." बीडचं स्थळ गेलं, लातूरचं गेलं, परभणीचं गेलं. सासूबाई डोक्याला हात लावून म्हणायच्या, "ह्या माणसानं माझी पोर गटाराच्या तोंडाशी बसवून ठेवलीय!" शेजारीपाजारी तर म्हणायला लागले होते की म्हाताऱ्याला पोरगी द्यायचीच नाही, गावं नुसती निमित्ताला आहेत. मला तेव्हा हे चेष्टेचं बोलणं वाटलं होतं.

आता माझं सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील आठवडी बाजारात मीठ-मिरची विकायचे, आईला सही येत नव्हती. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो आणि पाटोद्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. पण अभिमान माझ्यापुरता. पाटोदा गावाचा अभिमान धरावा असं तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. नळाला चार-चार दिवस पाणी नाही, बाजाराच्या दिवशी धुरळा, आणि उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या कळश्या. अशा गावात राहून मी माजलगावला मुलगी बघायला गेलो. आम्हाला दोघांना बोलायला म्हणून ओसरीवर बसवलं. मी माझ्या पदव्या सांगायची तयारी करून गेलो होतो. तिनं एकच विचारलं, "तुमच्याकडं पाणी कुठून येतं?"

मी म्हणालो, "खरं सांगू? बहुतेक वेळा येतच नाही."

ती हसली. "हेच सांगा बाबाला. गाव सजवू नका तेवढं. सजवलेलं त्यांना लगेच कळतं." दाराआडून हाक आली तशी ती उठली, आणि मला कळून चुकलं की आपल्याला हीच पाहिजे. आणि ती मिळणं न मिळणं आता पाटोद्याच्या हातात होतं.

मामा यायचा दिवस ठरला. मी कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं, पण माझा मित्र सुभाष हा फार जीव लावणारा माणूस. सकाळी मी स्टँडवर गेलो तर स्टँडपासून आमच्या गल्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची पांढरीफेक फक्की मारलेली. कलेक्टर यायच्या दिवशी मारतात, अगदी तशी. सुभाष कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "बघ बे मास्तर, गाव कसं नवरदेवावानी दिसतंय! म्हातारा आजच पोरगी देऊन जातो का न्हाई बघ." मला रडावं की त्याला मारावं ते कळेना, तेवढ्यात बीडची गाडी आली.

मामा उतरले. काखोटीला तांब्या. त्यांनी खाली बघितलं, वाकून चिमूटभर फक्की उचलली, बोटांत चोळली. "आज कोन मंत्री येनार हाय का?"

"नाही हो," मी म्हणालो.

"मग कुनासाठी हे?"

सुभाष पुढे होऊन अभिमानानं म्हणाला, "तुमच्यासाठीच की मामा!"

मामांनी बोटं धोतराला पुसली आणि मला विचारलं, "परतीची गाडी किती वाजता हाय?"

सुभाषचा चेहरा फक्कीसारखा झाला. मी किती विनवण्या केल्या मला आठवत नाही. गाडीला वेळ होता, एवढ्याच कारणानं ते आमच्या घरी घडीभर टेकायला तयार झाले. "टेकू घडीभर. पन गाव झाकून दावनाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो." रस्ताभर ते नाकासमोर बघत चालले. गटाराकडेही बघितलं नाही. नापास पोराचा पेपर पुन्हा कोण तपासतं?

घरी आईनं शिरा केला होता, बरोबर लिंबाचं लोणचं. मामांनी खाल्लं, पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्याले. माझे वडील काही बोलायचं म्हणून मिरचीच्या भावाविषयी बोलत होते. आणि अशा वेळी, जिथे माझ्या आयुष्याचा प्रश्न शिऱ्याच्या ताटलीत बसला होता, तिथे परसातून शेजारच्या गोदाकाकूंचा आवाज चढला.

"अगं ए! माज्या लिंबाला काल बी पानी न्हाई, आज बी न्हाई! पाव्हने आले म्हनून मोरी वळवून घेतली व्हय गं?"

आई पदर खोचून मागच्या दाराला गेली. "मोरी माजी, पानी माजं, आंगुळी माज्या लेकराच्या! तुला कावून देऊ? माजी केळ वाळून चाललीय."

"आंगुळी तुज्या अन् लिंबं कुनाची गं? आता पाव्हन्याच्या ताटात लोनचं वाढलंस ते कुनाच्या लिंबाचं?"

"म्हनून रोजचं पानी नेशील व्हय? एक दिस आड ठरलं होतं आपलं!"

मी मोठ्यानं खोकलो. वडिलांनी मिरचीचा आवाज वाढवला. मी उठून मागचं दार लावायला गेलो, तर मामा माझ्याआधी तिथे पोचलेले. दोन्ही बायका त्यांना बघून पदर सावरत गप्प झाल्या. मामा धोतर आवरून मोरीशी उकिडवे बसले.

"अक्का, बोला तुमी," ते आईला म्हणाले, "थांबल्या कावून? भांडी घासलेलं पानी कुठं जातं?"

"म्हशीच्या डोनीत," आई खालमानेनं म्हणाली. भांडी राखेनं घासत, म्हणून ते म्हशीला चालायचं.

"अन् आंघोळीचं?"

"एक दिस केळीला, एक दिस हिच्या लिंबाला. पन ही लबाड रोज नेती."

"कोन लबाड गं?" गोदाकाकू कुंपणापलीकडून उसळल्या.

"थांबा, थांबा," मामा म्हणाले, "न्याय करू आपन." आणि त्यांनी खरंच केला. मोरीच्या तोंडाशी आईनं आडवी लावलेली वीट उचलून त्यांनी अशी तिरपी बसवली की पाणी दोन्हीकडे निम्मं निम्मं जाईल. मग उठून, हात झटकून, जुन्या सवयीनं त्यांनी गटार कुठे जातं ते बघायला सुरुवात केली. आमच्या मोरीपासून कुंपण, कुंपणाखालून गोदाकाकूंचा लिंब, तिथून पुढच्या घराचा शेवगा, त्याच्या पुढे कोणाचं तरी अळू. मी मागे मागे. पाचव्या-सहाव्या घरापाशी नाली नुसती ओलसर होती आणि पुढे कोरडी.

"गटार संपतं कुठं गावाबाहेर?" मामांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेल्या माणसानं आपल्या गावाचं हे कसं सांगावं? म्हणालो, "मामा, आमच्या गल्लीचं गटार गावाबाहेर पोचतच नाही. वाटेतच सगळे पाणी वळवून घेतात. रोज यावरून भांडणं होतात."

मामा त्या कोरड्या नालीकडे बराच वेळ बघत राहिले. घागर वाजवल्यावर आवाज ऐकत थांबावं, तसे. मग घरी आले, पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "अक्का, तुमच्या माठातलं पानी द्या जरा." आईनं दिलं. ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि फुलपात्र पालथं घातलं.

"ह्या गावाला कुनी काही दिलेलं दिसत न्हाई," ते वडिलांना म्हणाले, "पन दिलं तेवढं सगळं अंगी लावलंय. सांडपान्यासाठी बायका भांडत्यात अशा गावात पोरगी द्यायला माजी हरकत न्हाई. तेवढी फक्की झाडून टाका."

असं माझं लग्न ठरलं. सुभाष आजही सांगतो की फक्कीमुळेच ठरलं.

वरात निघायच्या वेळी बायका रडत होत्या, मामा कोरडे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हनं, गाव पास केलंय. तुमचा निकाल अजून राखून ठेवलाय." मी हसलो, पण त्यांनी तो खरंच राखून ठेवला. लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नये असं काही लोक मानतात. मामा तसलं काही मानणारे नव्हते. तरी दर वर्षी फेरतपासणीला आले की फिरकीचा तांब्या बरोबर, आणि आमच्या घरात बसून पाणी माजलगावचं. मी विचारलं तर म्हणत, "तुमचं गाव इमानदार हाय. तुमचं बघतोय." बी.ए.चा निकाल लागायला मला एवढा वेळ वाट बघावी लागली नव्हती.

वर्षं गेली. पाटोदाही सुधारलं. बोअर झाले, दुकानांतून प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या मिळायला लागल्या, आमच्या घरी रंगीत टीव्ही आला आणि आमच्या गल्लीत सिमेंटचं गटार आलं. पाणी थेट गावाबाहेर. त्या वर्षी मामा आले, नव्या गटाराच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले आणि तोंड कडू करून परत आले. "घट सुरू झाली तुमच्याकडं बी," म्हणाले. मग परसात गेले, आणि तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. माझ्या बायकोनं आणि गोदाकाकूंनी मिळून नव्या सिमेंटला घणानं भोक पाडलं होतं आणि मोरीच्या तोंडाशी तीच वीट, तशीच तिरपी बसवली होती.

शेवटचे आले तेव्हा चांगलेच थकले होते. दुकान बंद करून टाकलं होतं. गटाराकडे गेले नाहीत, कुंपणावरून आमच्या परसात आलेल्या गोदाकाकूंच्या लिंबाच्या सावलीला बाजेवर पडून राहिले. समोर माझी बायको भांडी घासत होती. दुपार निवांत होती. मी सहज थट्टेनं म्हणालो, "मामा, आता दुकान नाही, तागडी नाही. आता तरी माजलगावची घट सांगून टाका."

मला वाटलं टाळतील. त्यांनी टाळलं नाही. लेकीकडे बघत म्हणाले, "काढली म्या. हिला लावून दिली त्याच साली काढली."

"किती निघाली?"

"धरन तेवढंच हाय. पानी तेवढंच हाय. बाजार तर डबल झालाय." त्यांनी टोपी काढून उशाशी ठेवली. "पन अंगी लागत न्हाई, पाव्हनं."

ही भांडी घासायची थांबली होती. मामा बाजेवर उठून बसले आणि मला म्हणाले, "माठातलं पानी द्या बरं जरा." मी दिलं. ते सगळं प्याले, फुलपात्र पालथं घातलं, आणि पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष त्यांना मोटारसायकलवर स्टँडला सोडून आला. त्यानंतर त्यांचं पाटोद्याला येणं झालं नाही. त्याच सकाळी, ते गाडीला गेल्यावर, घर आवरताना फळीवर फिरकीचा तांब्या दिसला. ही म्हणाली, "बाबा इसरले वाटतं." आयुष्यात एक थेंब न विसरलेला माणूस एवढा मोठा तांब्या कसा विसरेल, हे मी तिला बोललो नाही. तिनं झाकण फिरवून बघितलं. तळाशी घोटभर पाणी होतं. माजलगावचं. ते तिनं मोरीत टाकलं नाही. परसात गेली आणि कुंपणापलीकडे गोदाकाकूंच्या लिंबाच्या बुडाशी हळूहळू ओतलं.